सव्वासहाचं अस्वल

६ जानेवारी, सोमवार

परात वाजवणं थांबवलं, कारण उपयोग होत नव्हता. अस्वलाने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कोंबड्यांच्या खाद्याच्या पिंपात तोंड घातलं. मी अंगणात, जमिनीतल्या टाकीच्या लोखंडी झाकणावर उभा होतो. झाकणाची उंची जमिनीपासून चार इंच. अस्वलापासून सुरक्षित राहायला चार इंच पुरतील असं मला का वाटलं, ते आता सांगता येत नाही.

ते सव्वासहाला आलं, सहा चाळीसला गेलं. मका आणि शेंगदाण्याची पेंड मिळून चार किलो खाल्लं असेल. जाताना खुराड्यापाशी थांबलं. आत बारा कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने त्यांच्याकडे. काही झालं नाही. कोंबडा आरवलासुद्धा नाही. एरवी तो पाण्याचा टँकर आला तरी आरवतो.

कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासणी विभागात होतो. तारीख, वेळ, काय बिघडलं, काय उपाय केला, सही. अस्वलासाठी तशीच नोंदवही आज सुरू केली. तिच्या रकान्यांत जे बसत नाही ते इथे लिहितो.

रूपश्रीला कळवायचं नाही. ती दहा नोव्हेंबरला सोनमकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे, इलेक्ट्रॉनिक सिटीला गेली. पंधरा दिवसांसाठी. आज सत्तावन्न झाले. जाताना म्हणाली, “इथे कोंबड्यांचा वास येतो.” वासावर मी उपाय केला: चुना, राख, दिवसातून दोनदा झाडलोट. आता वास येत नाही. तसं तिला कळवलं. ती “बरं” म्हणाली. त्यात अस्वल कळलं तर ती कधीच परत येणार नाही. म्हणून आधी अस्वलाचा बंदोबस्त, मग तिला फोन.

७ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा आलं. सव्वासहा. सातला रूपश्रीचा फोन.

“अहो, अस्वल आलंय?”

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं?

“गेटवरून फोनवर आलं ना. ‘आपल्याकडे पाहुणा आला आहे. नाव: अस्वल. आत सोडायचं का?’ मी सोडा म्हटलं.”

“सोडा का म्हटलंस?”

“दोनच बटणं होती. सोडा आणि सोडू नका. बिचारं एवढ्या थंडीत आलेलं.”

घराच्या नावे तिचाच नंबर दिलेला आहे. तो बदलायचा राहून गेला.

गेटवर गेलो. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागे बन्नेरघट्ट्याचं जंगल लागतं, तरी पुढे गेट आहे आणि गेटवर जयतीर्थ. तो अथणीकडचा, माझ्याशी मराठीत बोलतो. मी विचारलं, अस्वलाची नोंद का केलीस?

“नियम आहे की सर. आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद पाहिजे. काल केली नाही तर सेक्रेटरी सुब्बाराव सरांनी किती बोलले मला.”

“ते गेटमधून येतं?”

“दांड्याखालून. वाकतंय बघा थोडं.”

“आणि तू?”

“मी केबिनमध्ये. आतून कडी लावून. ॲपमध्ये चारच आहेत सर: डिलिव्हरी, कॅब, कामवाली, पाहुणा. डिलिव्हरी टाकलं तर ते कोणाला विचारतच नाही, सरळ सोडतंय. म्हणून पाहुणा टाकलं. अक्कांनी नको म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं.”

“कसं अडवलं असतंस?”

त्याने यावर विचार केला. “तसं म्हटलं तर काय की,” तो म्हणाला.

रूपश्रीशी बोलणं चोवीस मिनिटं चाललं. गेल्या दोन महिन्यांत आमचं बोलणं दोन मिनिटांच्या वर गेलं नव्हतं. सिलिंडर आला का, पाणी आलं का. आज तिने विचारलं: केवढं आहे, छातीवर पांढरा पट्टा आहे का, खाताना आवाज करतं का, तुम्हाला बघितलं तेव्हा काय केलं, तुम्ही काय केलंत. मी म्हटलं, परात वाजवली.

“कुठली?”

“पुरणाची.”

“आणि ते?”

“बघितलं आणि खायला लागलं.”

फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. घाबरलेली आहे. प्रश्नांच्या संख्येवरूनच ते कळतं.

९ जानेवारी, गुरुवार

लेआउटचे सेक्रेटरी सुब्बाराव घरी आले. हातात फॉर्म होता. बसले नाहीत.

“हे पाळीव आहे का?”

“नाही.”

“पाळीव असेल तर पेट फॉर्म भरावा लागतो. लसीची तारीख लागते.”

“पाळीव नाही.”

“मग व्हिजिटर.” त्यांनी फॉर्म उलटा केला. “व्हिजिटरला रात्री दहा ते सकाळी सहा प्रवेश नाही. हे सव्वासहाला येतं ना? मग ठीक आहे. व्हिजिटरने रस्त्यावर घाण केली तर ती घरमालकाने उचलायची.”

मी म्हटलं, काल उचलली.

“गुड.” सही घेतली. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. “उद्या येणार असेल तर स्वल्प आधी कळवा. आमच्या मिसेसना बघायचंय.”

मी म्हटलं, मी ते येऊ नये म्हणून प्रयत्न करतो आहे.

“सरी, सरी,” ते म्हणाले, बरं बरं अशा अर्थाने. “तरी पण.”

आज अंडी सात. रूपश्री, बावीस मिनिटं. ते पिंपाला कसं धरतं, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

११ जानेवारी, शनिवार

वनखात्याकडे अर्ज दिला होता. त्यांचा वॉचर शेषगिरी स्कूटरवरून आला. अंगणात पाच मिनिटं फिरला, जमिनीकडे बघत.

“सार, हे कोंबड्या खाणारं नव्हे. हे वाळवी खातं, मध खातं, फळं खातं. पण तुम्ही उघड्यावर मका ठेवला, पेंड ठेवली, सुक्या मासळीची पूड ठेवली. मग ते जंगलात कशाला उकरत बसेल? हे हॉटेल आहे सार.”

उपाय विचारला. त्याने सांगितला आणि मी लिहून घेतला: खाद्य घरात, लोखंडात, कुलपात. सांडलेला दाणा रोज उचलायचा. ते आलं की बाहेर जायचं नाही.

“आणि ती परात बंद करा. पिल्लू असलं तर फाडेल तुम्हाला.”

“ग्रिलच्या आतून वाजवली तर?”

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “आतून वाजवा. तुमची इच्छा.”

कागद भरताना त्याने विचारलं, घरात माणसं किती. मी म्हटलं, दोन. मिसेस मुलीकडे गेली आहे, पंधरा दिवसांसाठी. त्याने एक लिहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

काम पूर्ण झालं. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तोडगा चांगला निघाला.

घरात लोखंडी, कुलपाची, उंदीरसुद्धा शिरणार नाही अशी एकच वस्तू आहे: झोपायच्या खोलीतलं रूपश्रीचं कपाट. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं, हुबळीहून ट्रकने आलेलं. चार कप्पे, दाराला उभा आरसा. मापं घेतली. साठ किलो खाद्य आरामात बसतं. वरच्या कप्प्यात मका, मधल्या दोन कप्प्यांत पेंड, खाली मासळीची पूड.

आत साड्या होत्या. त्रेपन्न. त्यांना जागा हवी होती आणि खाद्याची दोन निळी पिंपं रिकामी झालीच होती. पिंपं धुतली, उन्हात वाळवली, आत वर्तमानपत्र घातलं, साड्या घडीवर घडी ठेवल्या, झाकणं आवळली. पिंपं कपाटाच्या शेजारीच ठेवली. साड्यांची यादी केली आणि झाकणाला चिकटवली.

दाणे काढताना आता आरशात मी दिसतो. सवय व्हायला वेळ लागेल.

संध्याकाळी तिळगुळासाठी फोन केला तेव्हा तिला हे सांगितलं. तिची काळजी कमी व्हावी म्हणून.

“कपाटात काय ठेवलंत?”

“मका, पेंड, मासळीची पूड. वेगवेगळ्या कप्प्यांत.”

“माझ्या कपाटात.”

“हो. कुलूप चांगलं आहे त्याचं.”

“आणि साड्या?”

“पिंपात. धुऊन घेतलं आहे पिंप.”

“माझी चंद्रकळा?”

“पहिल्या पिंपात, वरून चौथी. यादी केली आहे.”

फोन बंद झाला. इथे नेटवर्क कमी आहे. पुन्हा लावला. तीनदा कमी होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस अस्वल नाही. आज फोन लागला.

“आलं होतं?”

“नाही.”

“अच्छा.”

एक मिनिट दहा सेकंद. प्रश्न नाहीत. भीती गेली असावी. उपाय लागू पडतो आहे.

१८ जानेवारी, शनिवार

आलं नाही. फोन नाही.

२० जानेवारी, सोमवार

सव्वासहाला जाग आली. खोलीत कोणीतरी श्वास घेत होतं. मी नव्हतो, कारण मी श्वास रोखला तरी आवाज येतच राहिला.

खिडकीत अस्वल. दोन्ही पंजे ग्रिलवर, नाक आत. कपाटाच्या दिशेने. ग्रिल मजबूत आहे, पंधरा एमएमचे गज, मीच तपासून बसवून घेतलं होतं. तरी मी पलंगावर उभा राहिलो. परात स्वयंपाकघरात होती. ते वीस मिनिटं वास घेत राहिलं, अधूनमधून गज चाटलं, मग उतरून गेलं.

खाद्य घरात घेतलं म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं. अस्वलाच्या दृष्टीने मी फक्त पत्ता बदलला.

सातला तिचा फोन. गेटवरून पाहुणा आला होता, तिने सोडला होता.

“तू रोज सोडा का म्हणतेस?”

“ते जाऊ द्या. काय झालं सांगा.”

सांगितलं.

“खिडकीत? आपल्या खिडकीत?”

“हो.”

“आणि तुम्ही कुठे होतात?”

“पलंगावर.”

“कुठल्या बाजूला?”

“माझ्याच.”

मग तिने विचारलं, त्याचे डोळे कसे आहेत. मी म्हटलं, लहान. आणि? आणि ओले. आणि? मला अजून काही आठवेना, पण तिला हवं होतं म्हणून मी म्हटलं, त्याला घाई नव्हती. हे ऐकून ती “हं” म्हणाली, कोणीतरी आपलंच बोलणं बरोबर आहे म्हटल्यावर म्हणतात तसं. एकोणीस मिनिटं. साड्यांचा विषय निघाला नाही.

दुपारी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून कपाटाच्या फटींना चिकटवल्या. खिडकीवर आतून पत्रा ठोकला, सहा स्क्रू. आता वास बाहेर जाणार नाही. खोलीत उजेडही येत नाही, पण तो झोपेच्या वेळी लागत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आलं नाही. सुब्बारावांनी रस्त्यात थांबवून विचारलं, पाहुणा रागावला का. मिसेस तीन दिवस पहाटे गच्चीवर बसल्या, म्हणाले, थर्मास घेऊन.

२५ जानेवारी, शनिवार

पाच दिवस अस्वल नाही. बंदोबस्त पक्का आहे. तिला फोन करायला काही कारण नव्हतं, म्हणून केला नाही.

रिकामा वेळ होता तर एक तक्ता केला. एका बाजूला अस्वल आलेले दिवस, दुसऱ्या बाजूला तिच्या बोलण्याची मिनिटं. अस्वल आलं: चोवीस, बावीस, एकोणीस. नाही आलं: एक, शून्य, शून्य. निष्कर्ष: अस्वल आलं की तिला काळजी वाटते. आकडे निष्कर्षाशी जुळतात. तरी कुठेतरी काहीतरी जुळत नाही. कारखान्यात असं व्हायचं. प्रत्येक भाग मापात, पण मशीन जोडल्यावर चालायचं नाही.

हे घर बांधताना मी तिला विचारलं होतं. फरशीचा रंग. ती म्हणाली, कुठलाही. तेव्हा मी ते उत्तर धरून चाललो.

या घराआधी इंदिरानगरला होतो तेव्हा ती संध्याकाळी जिन्यात बसून बायकांशी बोलायची. काय बोलता एवढं, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, काही नाही. इथे जिना आतल्या बाजूला आहे.

कोंबड्यांशी मी बोलतो. तिच्याशी काय बोलायचं हे आठवून पाहिलं. आठवलं ते सगळं आणायच्या सामानाबद्दल होतं.

अंडी नऊ. एवढी कोणी खात नाही. जयतीर्थला चार दिली.

२९ जानेवारी, बुधवार

रूपश्रीचा फोन. सोमवारी इंदिरानगरला प्रणिताकडे हळदीकुंकू आहे. प्रणिता म्हणजे आमच्या जुन्या घराच्या खालच्या मजल्यावरची. चंद्रकळा लागणार. रविवारी सोनमबरोबर साड्या न्यायला येईन, म्हणाली.

मी म्हटलं, सगळ्या?

“सगळ्या. पिंपात ठेवायच्या नाहीत मला.”

“कपाटात जागा नाही.”

“माहितीय,” ती म्हणाली. “चंद्रकळा तेवढी वाऱ्यावर टाका. वास येत असेल.”

सगळ्या साड्या म्हणजे काय, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पंधरा दिवसांसाठी त्रेपन्न साड्या लागत नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

चंद्रकळा काढली. मासळीचा वास येत होता, थोडा. धुवायची नाही असं तिने बजावलं आहे. संध्याकाळी अंगणातल्या दोरीवर टाकली, दोन चिमटे लावले. दव पडलं तर पडो. दुसरी जागा नाही. खोल्यांमध्ये खाद्याचा वास आहे, हे आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सव्वासहा. दाट धुकं. ग्रिलमधून पाहिलं तर अंगणात अस्वल. या वेळी मागच्या दोन पायांवर उभं. आजवर आधाराशिवाय असं कधी उभं राहिलं नव्हतं. अंगावर यायच्या तयारीत असावं असं समजून मी परात घेतली.

पंचवीस मिनिटं वाजवली. नोंदवहीत लिहिलं: “जागेवरून हलत नाही. फक्त डावीकडे-उजवीकडे झुलतं. आवाजाला प्रतिसाद शून्य. पूर्वीपेक्षा धीट.” मग लाटणं मोडलं, तेव्हा पळी घेतली.

पावणेसातला कंपाउंडच्या भिंतीवरून जयतीर्थचं डोकं वर आलं.

“सर! ओ सर! काय करायलाय?”

“आत जा! अस्वल आहे!”

“कुठं?”

“समोर! दोरीपाशी!”

तो बघत राहिला. डोकं खाली गेलं, पुन्हा वर आलं.

“सर, ती काळी साडी आहे की.”

नोंदवहीत दुरुस्ती केली. “अस्वल” खोडून “चंद्रकळा” लिहिलं, बाजूला सही केली.

पण जयतीर्थने परातीचा आवाज ऐकल्याबरोबर आधी ॲपमध्ये पाहुणा टाकला होता आणि मग धावला होता. सातला फोन आला.

“आलं ना? इतक्या दिवसांनी! मी सोडलं लगेच.”

खोटं सांगता आलं असतं. नोंदवही समोर होती.

“नाही. ते अस्वल नव्हतं.”

“मग?”

“तुझी चंद्रकळा होती.”

पलीकडून एक विचित्र आवाज यायला लागला, थांबत थांबत. सोनमने फोन घेतला.

“अप्पा, काय सांगितलंत तुम्ही आईला? ती खाली बसलीय. रडतेय की हसतेय तेच कळत नाही.”

मी म्हटलं, तिला दे फोन.

“अहो,” ती म्हणाली. नीट बोलता येत नव्हतं तिला. “तुम्ही माझ्या साडीला परात वाजवून हाकलत होता?”

“पंचवीस मिनिटं.”

“आणि ती गेली नाही.”

“नाही.”

“माझीच ती.”

मग पुन्हा तो आवाज. हसतच होती. सगळं पहिल्यापासून सांगा, म्हणाली. सांगितलं. लाटणं मोडलं तिथे पुन्हा सांगायला लावलं. पळी कुठली, ते विचारलं. नोंदवहीतलं वाचून दाखवा म्हणाली, “पूर्वीपेक्षा धीट” हे तीनदा वाचून घेतलं. एकतीस मिनिटं. अस्वल आलं नव्हतं.

तक्त्यात ही नोंद कुठे घालायची ते कळलं नाही. घातली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अकराला आल्या. सोनमने गाडी फाटकाशी लावली.

रूपश्री पायरीवर चपला काढून उभी राहिली, पाहुण्या बायका राहतात तशी. मग आत आली. मी तिला सगळं दाखवलं. कपाट उघडलं, रबराच्या पट्ट्या सुटताना फसकन आवाज झाला. तिने मका बघितला, पेंड बघितली, खाली मासळीची पूड बघितली. आरशात स्वतःला बघितलं. दार लावलं.

“साठ किलो बसतं,” मी म्हटलं.

“बसत असेल,” ती म्हणाली.

सोनम म्हणाली, “अप्पा, हे कपाट आजोबांनी दिलेलं.”

“हो. म्हणून तर मजबूत आहे.”

सोनमने आईकडे बघितलं. आईने मान हलवली, राहू दे अशी.

मी पिंपं ओढून बाहेर काढायला लागलो. रूपश्री म्हणाली, घाई नाही. मग अंगणात गेली. ते कुठून येतं, विचारलं. मी गेटपासून दाखवत आणलं: दांड्याखालून, मग गुलमोहराच्या कडेने, मग इथे. ती त्या वाटेने स्वतः चालत आली. पिंप ठेवायचो त्या जागी थांबली.

“इथे उभं होतं?”

“बसलेलं.”

“आणि तुम्ही?”

“झाकणावर.”

तिने झाकण बघितलं. त्याची उंची बघितली. तोंडावर पदर धरला.

कोंबड्यांबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नाही. वासाबद्दलही काही बोलली नाही. मी मुद्दाम तिला खुराड्याजवळून नेलं, वारा तिकडूनच होता. तिचं लक्षच नव्हतं. म्हणजे वासामुळे ती गेली नसावी. चुना आणि राख अडीच महिने वाया गेली, असं आधी वाटलं. मग तेवढंच वाया गेलं असेल असं वाटेना.

जेवताना मी तिला विचारलं, “सोनमकडे बरं आहे?”

“बरं आहे. दिवसभर कोणी नसतं.”

“इथेही कोणी नसतं.”

“हो ना,” ती म्हणाली.

तिचं जेवण झालं होतं, पण ती उठली नाही.

चारला सोनम पिंपांना हात लावायला गेली. रूपश्री मला म्हणाली, “किती वाजता येतं म्हणालात?”

“सव्वासहा. पण आता येत नाही. तेरा दिवस झाले. बंदोबस्त पूर्ण आहे.”

“असू दे. सोनम, तू जा. मी आज राहते. सकाळी ये गाडी घेऊन, साड्या तेव्हाच नेऊ.”

“आई, नक्की?”

“अगं, मी अजून पाहिलेलंच नाही.”

सोनम गेली. रात्री झोपायच्या आधी रूपश्री म्हणाली, हा पत्रा काढा. मी सांगितलं की पत्रा काढला तर बंदोबस्त कमी होतो. ती पलंगावर बसून राहिली. सहा स्क्रू काढले. एकाची खाच झिजली होती, त्याला वेळ लागला. तोवर ती टॉर्च धरून उभी होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

रूपश्री पावणेसहापासून खिडकीत बसली होती, शाल घेऊन. मी चहा केला, दोन कप. सात वाजता धुकं विरलं. अस्वल आलं नाही. कोंबड्या सोडल्या. तिने विचारलं, “उद्या येईल?” मी नोंदवही पाहिली. चौदा दिवस, नोंदीप्रमाणे शक्यता नव्हती. मी म्हटलं, सांगता येत नाही. सात वीसला तिने सोनमला फोन लावला. “गाडी नको आणूस. मी बसने जाते इंदिरानगरला. संध्याकाळी इकडेच परत येईन.”